उरल्यासुरल्यांची फौज

१

शहागंजातले आमचे जुने घर रिकामे करताना, गेल्या दिवाळीच्या थोडे आधी, माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. झाकण गंजून बसले होते; ते उलथन्याने उचकटावे लागले. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या एकेचाळीस वस्तू होत्या. मुंडके मेणाने चिकटवलेला एक भालदार मावळा. पोटावर झोपून नेम धरणारे आणि गुडघा टेकून बसलेले हिरव्या प्लॅस्टिकचे बंदूकधारी सैनिक. बुद्धिबळातला एक उंट, दोन हत्ती आणि सात प्यादी. घोडा हरवल्यामुळे पाय फाकवून उभा असलेला, डोक्यावर पिसे खोचलेला अमेरिकेचा आदिवासी. रुखवतातली, नवरा हरवलेली नवरी. झांजा वाजवणारे चावीचे माकड. शिंप्याकडच्या लाकडी रिळांच्या चाकांवर बसवलेल्या होमिओपॅथीच्या कुप्यांच्या तीन तोफा. ढाली म्हणून राखून ठेवलेल्या कोटाच्या गुंड्या. आणि या सर्वांचा सेनापती असलेला, हाती तराजू धरून मांडी घालून बसलेला मातीचा वाणी.

ही एक फौज होती. दोन मुलांनी ती १९७८च्या दिवाळीत उभी केली. तिचे नाव मी 'उरलीसुरली फौज' असे ठेवले होते. माझा मित्र तिला 'बची-खुची पलटन' म्हणत असे. त्यांपैकी एक मुलगा पुढे मराठीचा प्राध्यापक झाला आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. दुसऱ्याविषयी ओघाने येईल.

समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात मोडक्या खेळण्यांविषयी लिहावे की नाही, असा संकोच मला झाला नाही असे नाही. परंतु 'कालविपर्यास' ही संज्ञा मी वर्गात अनेक वर्षे शिकवली. ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन करताना ती दोष म्हणून वापरली, आणि नाटकाचे करताना कधीकधी गुण म्हणूनही. त्या संज्ञेचा माझा खरा अनुभव मात्र या डब्यात बंद होता, आणि तो मी जसा समजत होतो तसा नव्हता. या लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

२

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची प्रथा पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत जितकी रुजलेली आहे, तितकी ती माझ्या लहानपणी आमच्या शहरात नव्हती. आमच्या घरी ती आईच्या माहेराहून, साताऱ्याहून आली. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड आणि जुने गोणपाट गोळा व्हायचे. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरला की डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. त्यावर गेरू, मग बुरूज, पायऱ्या, गुहा, आणि हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी. किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या आकृतींना आई तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'चित्रे' म्हणत असे. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, भालदार, तुतारीवाला, तोफ आणि गोलंदाज, गवळण, नांगरधारी शेतकरी, वासुदेव, गुहेतला वाघ. ही चित्रे शहागंजात सहज मिळत नसत. आई माहेरी गेली की चार-दोन घेऊन येई. प्रवासात त्यांतले एखादे फुटे.

तेव्हा उणीव होती, आणि उणीव भरून काढण्यासाठी शहागंजाचा बाजार होता. निजामकाळातल्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती भाजीपाला, फळांच्या गाड्या, कापड, भांडी आणि खेळणी यांची जी गर्दी असे, तीत प्लॅस्टिकचे सैनिक पुडीवर मिळत. ते कोणत्या देशाचे आणि कोणत्या युद्धातले, हे विकणाऱ्याला ठाऊक नसे आणि आम्हालाही. त्यामुळे आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सतराव्या शतकातल्या मावळ्यांशेजारी विसाव्या शतकातला बंदूकधारी उभा राही. डांबरी रस्ता म्हणून कोळशाची पूड पसरलेली असे आणि तिच्यावरून एस.टी.ची लाल गाडी जाई. याचे कोणालाही नवल वाटत नसे. पुण्या-साताऱ्याकडच्या किल्ल्यांतही विमाने आणि मोटारी असतच. किल्ल्याच्या व्याकरणात कालविपर्यास हा अपवाद नसून नियमच आहे.

या व्याकरणाचे दुसरे एक वैशिष्ट्य मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आले. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो. तोफा असतात, पण त्या कोणावर रोखलेल्या नसतात. पहारे असतात; वेढा नसतो. विहिरीवर बाई पाणी भरते, शेतकरी नांगरतो, वासुदेव दारोदार फिरतो, वाघसुद्धा आपल्या गुहेत स्वस्थ बसलेला असतो. किल्ला ही युद्धाची प्रतिकृती नव्हे, ती नांदत्या राज्याची प्रतिकृती आहे. रणांगणाचे रूपक म्हणून तो वाचणे ही चूक ठरेल. ती चूक १९७८ साली आम्ही केली.

३

झाले ते असे. त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या मनात आले की किल्ला नुसता मांडायचा नाही, खेळायचा. खेळायचा म्हणजे लढाई हवी, आणि लढाईला दुसरी बाजू हवी. आम्ही तिघे होतो: दादा, मी, आणि शेजारच्या गल्लीत राहणारा माझ्या वर्गातला मित्र. त्याच्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. आमच्या अंगणात तो घरच्यासारखा वावरे आणि माझ्या आईला 'काकू' म्हणे. किल्ल्यासाठी माती कालवण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

दादाने वाटणी केली. "आपण दोघं वर. हा मोगल होईल." त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, खेळातल्या पात्रांची वाटणी जशी सहज होते तशी ती झाली होती. नेमके हेच त्यातले भयंकर होते, असे आज वाटते. दुष्टाव्याने बोललेले वाक्य खोडून काढता येते. सहज बोललेले वाक्य वस्तुस्थितीसारखे दिसते.

मित्र थोडा वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "मेरेकू नक्को." 'नक्को' हा दखनीतला शब्द मराठी 'नको'चाच सख्खा भाऊ. आपल्याला मोगल ठरवणाऱ्याला त्याने जो नकार दिला तो अर्धा मराठीतच होता, ही गोष्ट तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात येण्याचे वय नव्हते.

दादा वैतागून निघून गेला. मी खाली बसलो आणि म्हणालो की आपण अशी फौज करू जी कोणाचीच नाही. घरात उरलेसुरले जे असेल ते आणायचे. ज्याचा जोडीदार हरवला, ज्याचे पाय मोडले, जे कोणत्याही संचात बसत नाही, ते सगळे आपल्या फौजेत. मित्राने घरून रिळे, गुंड्या आणि चावीचे माकड आणले. मी बुद्धिबळाच्या अपुऱ्या डावातली मोहरी, गौरीपुढच्या आराशीतला वाणी आणि रुखवतातली नवरी आणली. वाण्याला सेनापती करण्याचे कारण मी असे दिले की त्याच्या हाती तराजू आहे, तेव्हा तो लूट सारखी वाटेल. दोन दिवस आम्ही त्या फौजेत रमलो. तिला इतिहास नव्हता. म्हणून तिला शत्रुत्वही नव्हते. तिने किल्ल्यावर एकदाही हल्ला केला नाही. माकडाने झांजा वाजवायच्या आणि सर्वांनी तुळशी वृंदावनाला प्रदक्षिणा घालायची, एवढीच तिची मोहीम.

ही कथा मी आयुष्यभर स्वतःला, आणि क्वचित विद्यार्थ्यांनाही, अशी सांगत आलो की दोन मुलांनी इतिहासाने वाटून दिलेल्या भूमिका नाकारल्या आणि त्यासाठी कालविपर्यासाचा आश्रय घेतला.

४

या कथेला सिद्धान्ताचा आधार मिळण्यास अडचण नव्हती. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२च्या आपल्या ग्रंथात 'ब्रिकोलर'ची जी कल्पना मांडली, ती आमच्या फौजेवर जणू बेतलेली होती. ब्रिकोलर म्हणजे हाताशी असलेल्या मोडक्यातोडक्या, मर्यादित साहित्यातून काम भागवणारा माणूस. अभियंत्यासारखा तो आधी आराखडा करून मग साहित्य मागवीत नाही. त्याच प्रकरणात लेव्ही-स्त्रोस लघुप्रतिकृतीचाही विचार करतात. मोठी वस्तू आपण अवयवांकडून समग्राकडे जात समजून घेतो. लहान प्रतिकृतीत समग्र आधी हाती येते. अंगणातला किल्ला मुलाला 'राज्य' ही कल्पना एका नजरेत देतो, ती अशी.

पुढे देरिदा यांनी १९६६च्या प्रसिद्ध निबंधात लेव्ही-स्त्रोस यांच्या या भेदालाच धक्का दिला. सर्वस्वी नव्याने, कोणाचेही उसने न घेता रचना करणारा अभियंता ही ब्रिकोलरनेच निर्माण केलेली पुराणकथा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आमच्या भाषेत सांगायचे तर, एकाच काळातल्या, एकाच मापाच्या, एकाच बाजूच्या चित्रांचा शुद्ध संच कुठेच नसतो. उरल्यासुरल्यांकडे पाहताना त्याची कल्पना सुचते, इतकेच.

छोट्या सैन्याशी खेळणाऱ्या मोठ्या माणसांची पाश्चात्त्य परंपरा याहून निराळी आहे. एच. जी. वेल्स यांचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ साली निघाले. शिशाचे सैनिक, स्प्रिंगची तोफ, चालींचे नियम असा तो खेळ. आणि शेवटी असे आर्जव की युद्ध करायचेच तर ते असे घराच्या जमिनीवर करावे, कारण खरे युद्ध हा याहून फार महागडा मूर्खपणा आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. वेल्स यांच्या खेळात दोन बाजू गृहीत आहेत. दोन्हींना समान नियम आहेत, आणि कोणत्या बाजूला बसायचे हे खेळणारा ठरवतो. आमच्या अंगणात उणीव होती ती याच गोष्टीची. बाजू निवडायची मुभा आम्हा दोघा भावांना होती. तिसऱ्याला बाजू दिली जात होती.

५

मराठी वाङ्मयाला कालविपर्यासाचे वावडे कधीच नव्हते. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातले लग्न पौराणिक असले तरी त्याचे विधी आणि मानपान मराठी घरातले आहेत. त्यांच्या भारुडांत देवाला पाठवलेली अर्जदास्त आहे. तिची भाषा त्या काळच्या फारसीमिश्रित कारभाराची आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते अशी परंपरा आहे. शिष्याने दफ्तरातली भाषा उचलली आणि तिच्यात जीव-शिवाचा व्यवहार मांडला. ही उचल म्हणजे उत्कृष्ट ब्रिकोलाज होय. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या वाटेवर निघालेली मावशी कालपरवाच्या महागाईवर बोलते. वगातला शिपाई राजाशी बोलताना सरळ आजच्या मंत्र्यांवर घसरतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने याच रीतीचा नागर रंगमंचावर उपयोग केला. प्रेक्षक हसतो, कारण काळाची शिवण त्याला उघड दिसते.

शिवण दिसणे, हाच या साऱ्या प्रकारातला नैतिक गाभा आहे. मावळ्याशेजारी बंदूकधारी उभा केला की कोणीही फसत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही कळते की ही गंमत आहे. याला आपण उघड कालविपर्यास म्हणू.

दुसरा एक प्रकार छुपा आहे. त्यात वेष, शस्त्रे, वास्तू, बोली सारे काळाला धरून असते; फक्त बाजूंची वाटणी आजची असते. आमचे शहर ज्याने १६१० साली खडकी म्हणून वसवले, तो मलिक अंबर हबशी होता. मोगलांशी तो आयुष्यभर लढला, आणि त्याच्या सैन्यात मराठे सरदार मोठ्या संख्येने होते. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव त्या काळात मोगलांकडे होते. या लढाईचा किल्ला अंगणात मांडायचा झाला, तर चित्रांची कोणती पेटी कोणाच्या पुढ्यात ठेवायची? शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा अधिकारी होता. पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी सिद्दी जौहरच्या फौजेशी लढणाऱ्यांत सिद्दी हिलाल होता. म्हणजे खरी फौज ही उरल्यासुरल्यांच्या फौजेइतकीच मिश्र होती. एकरंगी होती ती आमच्या डोक्यातली पेटी. दादाच्या त्या वाक्यात एकही बंदूक नव्हती, मोटार नव्हती, विमान नव्हते. तरी त्या अंगणातला सर्वांत मोठा कालविपर्यास तेच वाक्य होते.

ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा करताना आपण पहिल्या प्रकाराचे दोष दाखवण्यात धन्यता मानतो. अमुक साली अमुक कापड नव्हते, अमुक शब्द रूढ नव्हता. दुसऱ्या प्रकाराबद्दल आपण सहसा बोलत नाही. कारण तो दिसण्यासाठी लेखकाच्या काळाबरोबर स्वतःच्या काळाचीही शिवण दिसावी लागते. माझ्या अध्यापनातही हे अंतर राहिले, हे येथे नोंदवणे उचित होईल.

६

१९८८ साली शहरात दंगल झाली. त्यानंतर काही महिन्यांत मित्राचे कुटुंब दुसऱ्या वस्तीत राहायला गेले. पुढे आम्हीही सिडकोत घर घेतले. भांडण झाले नाही. भेटी विरळ झाल्या, मग लग्नकार्यांपुरत्या राहिल्या. शहराचे शासकीय नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. आमच्या दोघांच्याही शाळेच्या दाखल्यांवर जुने नाव आहे. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही.

डबा सापडल्यावर मी त्याला दूरध्वनी केला. तो शहागंजात आला. रिकाम्या घराच्या ओसरीवर आम्ही वर्तमानपत्र अंथरले आणि फौज मांडली. माकडाची चावी हरवलेली होती. त्याने रिळांच्या तोफा हातात घेऊन पाहिल्या. हे रीळ वडिलांच्या कोणत्या यंत्राचे, हे त्याला अजून सांगता येत होते. मी उत्साहात त्याला माझा सिद्धान्त ऐकवला: आपण तेव्हा बाजू घ्यायचे कसे नाकारले, काळाच्या बाहेर कसे गेलो.

तो ऐकत राहिला. मग त्याने मेण लावलेला मावळा उचलला. "हा मी चिकटवला होता," तो म्हणाला. "आठवतं? तुमच्या दादाकडून पडला होता, किल्ला बांधताना. मी घरी नेला, अम्मीकडून मेण घेतलं, रात्री बसून मुंडकं बसवलं. वाटलं, नीट केला तर वर ठेवाल. त्याच्याबरोबर मीपण वर."

मला आठवत नव्हते. मला आठवत होते ते एवढेच की मावळा मोडका होता, म्हणून तो आमच्या फौजेत आला.

"मेरेकू मोगल नहीं बनना था," तो म्हणाला, "ये तो बराबर है. लेकिन मेरेकू ऊपर रहना था. किल्ल्यावर. माती मीच कालवली होती ना?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. ज्या खेळाला मी इतकी वर्षे मुक्ती समजत होतो, तो त्याच्या लेखी तडजोड होती. मी खाली आलो होतो, हे खरे. परंतु मला खाली येण्याची मुभा होती, आणि परत वर जाण्याचीही. तिसऱ्या दिवशी दादाचा राग गेल्यावर मी वर गेलोही होतो. 'कोणाचीच नसलेली फौज' ही कल्पना ज्याला कुठेतरी असण्याचा हक्क आधीच मिळालेला आहे, त्यालाच रम्य वाटू शकते. काळाच्या बाहेर पडण्याचे आमंत्रण मी अशा मुलाला दिले होते, ज्याला काळाच्या आत जागा हवी होती. आणि ती जागा इतिहासात होती. दौलतखानाचे चित्र आमच्या पेटीत नव्हते, आणि ते नाही हे मला जाणवलेही नव्हते.

लेव्ही-स्त्रोस यांनी म्हटले आहे की ब्रिकोलरच्या हातातला प्रत्येक तुकडा आपल्या पूर्वीच्या उपयोगाने बांधलेला असतो; त्याचे स्वातंत्र्य मर्यादित असते. हे वाक्य मी अनेकदा समजावून दिले आहे. त्या तुकड्यांना जोडणाऱ्या हातांचाही एक पूर्वेतिहास असतो, आणि एकच रचना करणारे दोन हात तिचे दोन वेगळे अर्थ घेऊन घरी जाऊ शकतात, हे मला ओसरीवर कळले. उरल्यासुरल्यांची फौज मी टाकून द्यावी असे यातून निघत नाही. तिच्या गमतीवर माझा आजही विश्वास आहे. एकनाथांच्या आणि तमाशाच्या रीतीने ती शिवण उघडी ठेवते, हा तिचा गुण आहेच. मात्र उघड कालविपर्यासाने छुप्या कालविपर्यासाचे निराकरण होते, हा माझा समज मी मागे घेतो. गमतीने वाद टळला होता. किल्ल्यावर कोण उभा राहणार, हा प्रश्न जिथल्या तिथेच होता.

निघताना त्याने विचारले, "हा नेऊ?" मी मावळा कागदात गुंडाळून दिला. त्याच्या नातवंडांनी या वर्षी गच्चीवर किल्ला केला आहे, शाळेत स्पर्धा होती म्हणून. त्याने तेवढे सांगितले आणि पुडी खिशात ठेवली. उरलेली चाळीस चित्रे माझ्याकडे आहेत.